पंधरातली नऊ पानं

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या माणसाला पत्त्यांच्या दुकानातले लोक भिंग्या म्हणू लागले, यात नवल काहीच नव्हतं. हे पत्ते म्हणजे राजा-राणीचे नव्हेत. ज्याने त्याने आपला साठ पानांचा डेक बांधायचा, पानापानावर राक्षस, मंत्र आणि तटबंद्या, आणि समोरच्याला नामोहरम करायचं. अकरा वर्षं भिंग्या हे करत होता आणि अकरा वर्षं त्याला एकच गोष्ट हवी होती. दुकानाला वर्षातून एकदा मोठ्या स्पर्धेचं आमंत्रण येई. ते दुकानातली स्पर्धा जिंकणाऱ्या एकालाच मिळे आणि तो एक काही केल्या भिंग्या नसे.

मान मात्र होता. दर शुक्रवारी तो ‘सध्या काय चालतंय’ असा कागद लिहून दुकानाच्या भिंतीवर लावायचा. कोणता डेक जोरात आहे, कोणता उतरणीला लागला, कोणाविरुद्ध काय राखून ठेवावं, सगळं त्यात असे. लोक तो वाचून डेक बदलत. स्वतः भिंग्याने ‘किल्ला’ कधी सोडला नाही. भिंती उभारायच्या आणि समोरचा कंटाळेपर्यंत आत बसायचं, असा तो डेक. स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते खरंच आहे.

आता बायकोचं सांगायला हवं, कारण दुखणं तिथेच होतं. ती तपासणी प्रयोगशाळेत दिवसभर रक्ताच्या नळ्या बघायची. तीन वर्षांपूर्वी भिंग्यानेच तिला सरावासाठी जेवणाच्या टेबलावर बसवलं. “आज तू भडका हो,” असं म्हणून तो तिच्या हातात त्या आठवड्याचा जोरातला डेक द्यायचा. कधी ती भडका व्हायची, कधी दलदल, कधी वादळ. तो आपला किल्लाच. तीन वर्षांत ती नऊ डेक शिकली आणि हा होता तिथेच राहिला. मग एका रविवारी ती सहज म्हणून दुकानात आली आणि ‘वाळवी’ नावाचा, कोणी ढुंकूनही न बघणारा डेक घेऊन बसली. बारीक बारीक किडे सोडायचे आणि समोरच्याचा डेकच कुरतडून संपवायचा. चार रविवारी ती खेळली आणि चारही जिंकली. गुरूची विद्या गुरूला, दुसरं काय!

भिंग्याच्या पोटात दुखायला लागलं. दुकानात शिरताच लोक विचारत, “वहिनी नाही आल्या?” दुकानदार तिच्यासाठी खिडकीजवळची खुर्ची राखू लागला. भिंग्या अकरा वर्षं पंख्याखाली बसत होता, तो पंखा चालू आहे की बंद हेही कोणी विचारलं नव्हतं. घरी तो हसत म्हणायचा, “छान खेळलीस.” आणि आंघोळीला जाऊन नळ मोठा सोडून दात-ओठ खायचा.

आमंत्रणाच्या स्पर्धेआधीच्या शुक्रवारी त्याने कागद लिहिला. नऊ डेक. पहिला भडका: ‘दर तीन माणसांत एकाकडे असेल. किमान चार पानं याच्याविरुद्ध राखा. न राखणाऱ्याची कीव येते.’ शेवटची वाळवी: ‘तात्पुरती हवा. लक्ष देऊ नये.’ ही शेवटची ओळ लिहिताना त्याला फार बरं वाटलं.

आणि मग घरी, ती कामावर गेल्यावर, त्याने स्वतःची राखीव पानं काढली. साठांशिवाय प्रत्येकाला पंधरा राखीव पानं ठेवता येतात. पहिला डाव झाला, समोरच्याची चाल कळली, की त्यातली हवी ती आत घ्यायची. भिंग्याने आधी ‘डांबर’ची चार पानं घेतली. डांबर पडलं की किडे जागच्या जागी थिजतात. मग ‘धुरी’ची चार. मग आणखी एक, नुसत्या समाधानासाठी. पंधरातली नऊ पानं बायकोसाठी झाली. उरलेल्या सहांत त्याने दलदल आणि वादळाची सोय लावली. भडक्यासाठी जागा उरली नाही, हे त्याला दिसलं. पण माणूस जळायला लागला की दिसलेलंही दिसत नाही.

रविवारी त्याच्या कागदाचा गुण आला. लक्ष देऊ नये म्हटल्यावर कोणी दिलं नाही, त्यामुळे वाळवीविरुद्ध कोणाकडे एकही पान नव्हतं. बायको लोणी कापावं तशी एकेकाला कापत उपांत्य सामन्यात आली. समोर भिंग्या.

पहिला डाव तिने घेतला. भिंग्याने नऊच्या नऊ पानं आत घातली. दुसऱ्या डावात डांबर पडलं, धूर झाला, परत डांबर पडलं आणि डाव भिंग्याकडे आला. तिसऱ्या डावात चौथं डांबर पडल्यावर तिने मान वर केली.

“अरे, किती आणलंयस?”

“पुरेसं,” भिंग्या म्हणाला.

तिने हातातली पानं खाली ठेवली, हार मानून हात पुढे केला आणि म्हणाली, “आता जिंकून ये.” भिंग्याच्या छातीत आनंदाची अशी उकळी फुटली की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं.

अंतिम सामन्यात समोर एक दातांचा डॉक्टर होता, गेल्या महिन्यात खेळायला लागलेला. “तुमचाच कागद वाचून हा डेक बांधला हो,” तो प्रेमाने म्हणाला आणि त्याने भडका टाकला. तटबंदी उभी राहायच्या आत पेटली. डाव संपल्यावर भिंग्याने राखीव डबी उघडली. चार डांबर, पाच धुरी आणि सहा निरुपयोगी पानं. त्याने डबी बंद केली. दुसरा डाव त्याहून लवकर आटोपला आणि दुकानदाराने आमंत्रण डॉक्टरच्या हातात दिलं.

दोघं चालत घरी निघाली. ती रागावली असती तर त्याला बरं झालं असतं. ती आपली दुकानांच्या पाट्या बघत चालली होती.

“एक विचारू?” शेवटी तो म्हणाला. “तुझ्या पंधरात माझ्याविरुद्ध किती होती?”

“एकही नाही.”

आपण नऊ ठेवली आणि हिने एकही नाही! किती हलकट आहोत आपण, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. “का गं?” त्याने हळूच विचारलं.

“का म्हणजे?” तिला प्रश्नच कळला नव्हता. “किल्ला आता कोण खेळतं? तुझ्या कागदावर नऊ डेक होते, त्यात तरी होता का? मी कागद बघूनच पानं लावली. तू माझ्या डोक्यातच आला नाहीस.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. भिंग्याने चार-चारदा ते वाक्य तपासलं, कुठे तरी टोमणा सापडला असता तर त्याला धरून उभं राहता आलं असतं. महिनाभर तो उठता-बसता हिचाच विचार करत होता.

रस्ता ओलांडून झाल्यावर तो थांबला.

“एक तरी ठेवायचं होतंस,” तो म्हणाला.