समाधानी माणसाची भट्टी

माझ्या बहिणीचा मुलगा नौफल समाधानी झाला आणि आमच्या गल्लीची शांतता गेली. आधी तो कासाब्लांकात विम्याच्या कचेरीत होता. ईदला इकडे आमच्या फेस शहरात यायचा, सगळ्यांशी तुटक बोलायचा, डोकं दुखतंय म्हणून झोपायचा. तेव्हा बरा होता म्हणायचं. दुःखी माणूस निदान गप्प तरी बसतो.

मग एकदा आला तो नोकरी सोडूनच. दाढी वाढवलेली, अंगात जाड्याभरड्या लोकरीचा पायघोळ जेलाबा. असला जेलाबा आमच्याकडे डोंगरातले मेंढपाळ घालतात, नाहीतर परदेशी पाहुणे. मला म्हणतो, माणसाला जगायला किती थोडं लागतं, मावशी. म्हटलं, बाबा रे, आम्हाला पहिल्यापासून थोडंच मिळत आलंय, त्यामुळे हा शोध लावायची आमच्यावर कधी वेळच आली नाही. तो हसला. समाधानी झाल्यापासून त्याला कशाचा रागच येत नाही, हीच तर पंचाईत.

साधं जगायचं आणि आवडीचं काम करायचं, असं त्याने ठरवलं होतं. आवडीचं काम म्हणून त्याने कोपऱ्यावरची भट्टी पसंत केली.

आमच्या गल्लीत रोट्या घरी भाजत नाहीत. कणीक घरी मळायची, जाड गोल रोट्या थापून फळीवर मांडायच्या, वर कापड टाकायचं आणि फळी भट्टीवर नेऊन ठेवायची. दुपारच्या जेवणाला भाजलेल्या रोट्या घेऊन यायच्या. भट्टीवाल्याला महिन्याची मजुरी असतेच, शिवाय दर फळीमागे एक रोटी तो ठेवून घेतो, तिला भट्टीची रोटी म्हणतात. आमचा भट्टीवाला बा अल्लाल म्हातारा झाला तरी ती रोटी सोडत नसे. एकट्याचं पोट, एवढ्या रोट्यांचं करतो काय, म्हणून बायका कुरकुरायच्या. चोरून विकत असेल, असं आम्ही ठरवूनही टाकलं होतं.

धुराने बा अल्लालचे डोळे गेले तशी त्याच्या मुलीने त्याला तांजाला बोलावून घेतलं. निघण्याआधी हिवाळाभर त्याने नौफलला शिकवलं. जायच्या दिवशी मी तिथेच फळीची वाट पाहत उभी होते. म्हाताऱ्याने गाठोडं उचललं आणि म्हणाला, "दोन गोष्टी लक्षात ठेव. भट्टीची रोटी सोडायची नाही, कुणी कितीही बोंबललं तरी. आणि इथून कुठलीही फळी रिकामी परत जाता कामा नये." नौफलने विचारलं, म्हणजे काय? बा अल्लालने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड मिटलं. परक्या बाईसमोर ते बोलायचं नव्हतं, हे एखाद्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

आमच्या शहाण्याला त्यात तत्त्वज्ञान दिसलं! दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीच्या भिंतीवर सुंदर अक्षरांत लिहून तयार, 'कुठलीही फळी रिकामी परत जात नाही'. कासाब्लांकाचे दोन मित्र आले होते, त्यांना समजावत होता की फळी म्हणजे माणसाचं मन. मित्र माना डोलावत होते, फोटो काढत होते. मी म्हटलं, माझ्या मनावर सहा रोट्या आहेत, त्या आधी आत सरकव.

त्याच सकाळी त्याने भट्टीची रोटी बंद केली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की एवढं मला लागतच नाही. सकाळी थोडे ऑलिव्ह, पुदिन्याचा चहा, एखादी रोटी, झालं. म्हातारा बिचारा हावरट होता, त्याला माफ करू या. बायकांनी तोंडभरून दुवा दिल्या. त्याची आई, म्हणजे माझी बहीण सादिया, जी त्याने नोकरी सोडल्यापासून रडत होती, ती पहिल्यांदा ताठ मानेने उभी राहिली.

आता लल्ला बतूलबद्दल सांगते. गल्लीच्या टोकाला राहायची. नवरा रेशमी पट्टे विणायचा, तो गेल्यावर ही एकटी. मातमाला दीर आला होता खेड्यातून. सगळ्यांसमोर म्हणाला होता, आज ना उद्या माझ्याच उंबऱ्यावर तुकडा मागायला येशील. त्यावर लल्ला बतूलने त्याला दार दाखवलं, आणि त्याच्या घरी कधीही पाऊल टाकणार नाही अशी शपथ घेतली. तेव्हापासून तिचं कसं चालायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. कपडे मात्र नेहमी पांढरेशुभ्र. कुणाकडे गेली तर एक अंजीर उचलायची आणि आत्ताच जेवून आले म्हणायची. तिची फळी रोज भट्टीवर यायची. सगळ्यांच्या आधी स्वतः आणायची, वरच्या खणात ठेवायची, वर कशिद्याचं कापड, आणि दुपारी स्वतःच घेऊन जायची.

त्या दुपारी आम्ही सगळ्याजणी भट्टीपुढे उभ्या होतो. नौफल एकेकीची फळी देत होता. लल्ला बतूलची फळी वरच्या खणात भाजायची तशीच राहिली होती, ती त्याने काढली, हलकी लागली म्हणून कापड उचललं.

"अहो लल्ला बतूल," तो हसत म्हणाला, "कणीक ठेवायचीच विसरलात की! नुसतं कापड भाजू का?"

त्याचे मित्रही हसले. आमच्यातलं कुणी हसलं नाही. एका क्षणात आम्हाला सगळं उमगलं. बा अल्लाल एवढ्या रोट्यांचं काय करायचा, ती सगळ्यांच्या आधी का यायची, सगळं.

"हो रे बाळा," लल्ला बतूल म्हणाली. "म्हातारपण. विसरले खरी."

तिने कापडाची नीट घडी घातली, फळी काखेत धरली आणि निघाली.

बायका गेल्यावर मी आत शिरले आणि नौफलला काय ते सांगितलं. त्याचा चेहरा पडला, डोळ्यांत पाणी आलं. हे असल्या लोकांना पटकन येतं. लगेच टोपली घेऊन तीत रोट्या भरायला लागला, आत्ताच्या आत्ता तिच्या दारी जातो म्हणून.

मी टोपली हिसकावली. "सकाळपर्यंत ती आपली शेजारीण होती. तू टोपली घेऊन दारात उभा राहिलास की भिकारीण होईल. एवढी तरी अक्कल चालव."

फळी पुन्हा आलीच नाही. आम्ही बायकांनी नाना निमित्तं काढली. मी मसुराच्या सुपाचा वाडगा पाठवला, निरोप दिला की जास्त झालंय, मीठ बरोबर आहे का तेवढं सांगा. वाडगा धुऊन परत आला, मीठ अगदी बरोबर आहे म्हणून. घरी जेवायला बसलो तेव्हा कळलं, गडबडीत मी मीठ घातलंच नव्हतं. तिने एक घोटसुद्धा घेतला नव्हता.

आठवडाभराने तिच्या दाराला कुलूप लागलं. दिराच्या खेड्याला जाणाऱ्या गाडीत तिला चढताना सादियाने पाहिलं. मला त्या दिवशी नौफलच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मावशी असूनही नाही वाजवली, त्याचं वाईट वाटतं.

थोड्या दिवसांनी त्याने मग भिंतीवरचं पुसलं, दुसरं काहीतरी लिहिलं, आणि पुन्हा गुणगुणायला लागला. खोटं कशाला बोलू, रोट्या चांगल्या भाजतो. हात बसलाय त्याचा, आच ओळखतो, लाकडं निवडताना लहान पोरासारखा रमतो. काम मनापासून आवडतं त्याला.

परवा त्या खेड्याकडची एक बाई आली होती. म्हणाली, लल्ला बतूल दिराच्या घरी सगळ्यांची भांडी घासते आणि सुना जेवून उठल्यावर जेवते. मी तशीच भट्टीवर गेले आणि नौफलला शब्द न् शब्द ऐकवला. म्हटलं, आता तरी जळू दे याचं काळीज.

तो लांब दांड्याचं फावडं टेकवून उभा राहिला. विचार केला. मग अगदी मायेने म्हणाला, "मावशी, भांडी घासण्यातही आनंद असतो. मन लावून घासली तर."

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. लबाडी शोधली, सापडली नाही. मेला खरोखरच सुखी होता.