बिझी, पण बसा

नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि परदेशातलं कपडे अल्टर करायचं दुकान एकट्या शिंपीणबाईंच्या गळ्यात पडलं. मशीनवर त्यांचा हात नवऱ्यापेक्षा साफ होता. घोडं अडायचं ते बोलण्यापाशी. आजवर इंग्रजी झाडायचं काम नवऱ्याचं आणि टिपा मारायचं बाईंचं.

पहिल्याच सकाळी एका माणसानं दारातून डोकं आत घातलं. "आर यू बिझी?"

बाईंना हायसं वाटलं. हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता! नणंद फोनवर ऊठसूट सांगायची, "आमचे हे म्हणजे भलतेच बिझी!" म्हणजे कर्तबगारच की. बाई ताठ बसल्या आणि हसून म्हणाल्या, "येस! व्हेरी बिझी!"

"ओह, सॉरी," म्हणत तो पॅन्टची पिशवी घेऊन चालता झाला.

त्याच्यामागून आलेली बाई तशीच परतली. दुसऱ्या दिवशीही तेच. बाई रडकुंडीला आल्या. शेवटी शेजारच्या मराठी किल्लीवाल्याला म्हणाल्या, "भाऊजी, माझं काही चुकतंय का हो? आलेलं गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच पळतंय."

सगळं ऐकून त्यानं हातातली कानस खाली ठेवली आणि पोट धरून हसला. "वहिनी, तुम्हीच हाकलताय त्यांना! बिझी म्हणजे हातात काम आहे, सवड नाही."

"अगं बाई! मग काय, 'नो बिझी' म्हणू?"

"म्हणा. पण रिकामं दुकान बघून लोक बिचकतात, हेही खरं."

बाई विचार करतच मशीनपाशी आल्या. दुपारी चेन तुटलेला कोट घेऊन एक बाई डोकावली. तोच प्रश्न.

"येस, बिझी," शिंपीणबाई म्हणाल्या. ती वळायच्या आत त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "बट सिट! सिट!"

ती खुदकन हसली आणि बसली. बाईंनी हातासरशी चेन बदलून दिली. दुसऱ्या दिवशी ती बहिणीला घेऊन आली, सोबत कपड्यांचं हे एवढं गाठोडं.

बघता बघता भिंतीवरच्या खुंट्या भरल्या. घरी नवऱ्याचा जीव वरखाली होत होता. "अगं, बोलायला जमतंय ना?"

"तुम्ही डोळ्यात थेंब घाला आणि गप पडा," बाई म्हणाल्या, पण गालातल्या गालात हसल्या.

सकाळी कुलूप काढायच्या आधी त्यांनी किल्लीवाल्याला हाक मारली. "भाऊजी, 'उद्या या' कसं म्हणायचं हो?"