गोटीचा अंगठा

कपडे बदलायच्या खोलीत शिरलं की आधी वास भेटायचा, माणसं नंतर. घामाचा, ओल्या सॅटिनचा, केसांवर मारायच्या चिकट फवाऱ्याचा आणि या सगळ्याच्या तळाशी पायांचा. पहिल्या दिवशी काटकीने नाकाला रुमाल लावला, तेव्हा बाकावर बसलेल्या मोठ्या मुली खिदळल्या होत्या.

"नवीन आहे. आठवडाभरात हिलाही अत्तर वाटायला लागेल," त्यांतली एक म्हणाली.

आणि तसंच झालं. माणसाचं नाक फार लवकर शरण जातं.

ही सुटीतली बॅलेची शाळा. बाकीची मुलं घरी लोळत पडलेली असताना, निवडून घेतलेल्या मुली इथे राहायला यायच्या आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत नाचायच्या. शेवटी त्यांतल्या मोजक्या मुलींना वर्षभराच्या शाळेत जागा मिळायची. काटकीचा जीव त्या जागेत अडकला होता. तिची आई शिवणकाम करायची. पोरीच्या बुटांच्या रिबिनी तिने स्वतः शिवून दिल्या होत्या, आणि शिवता शिवता म्हणाली होती, "तू माझ्यासारखी मशीनवर वाकून म्हातारी होऊ नकोस, एवढंच बघ."

काटकी हे नाव तिच्या हातापायांमुळे पडलं. तिची जोडीदारीण गोटी, कारण ती एका पायावर अशी गरगर फिरायची की बघणाऱ्याला घेरी यावी. शेवटच्या दिवशी परीक्षकांसमोर सगळ्या जोड्यांनी नाचायचं होतं. मुख्य बाईंनी या दोघींना मधली जागा दिली होती. मधली जागा मिळाली म्हणजे अर्धी निवड झाली, असं मुली समजायच्या.

आता इथली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. पियानोशेजारी एक खुर्ची होती. ज्या मुलीला दुखापत होईल, तिने तिथे बसून वर्ग बघायचा. ऐकायला नियम चांगला होता, मुलींच्या काळजीचाच होता. पण जी मुलगी त्या खुर्चीवर बसे, तिची बॅग काही दिवसांतच फाटकापाशी दिसे. त्यामुळे मुलींनी त्या खुर्चीचा इतका धसका घेतला होता की तिच्यावर कुणी टॉवेलसुद्धा टाकत नसे. आणि त्यातूनच 'बर्फ' निघाला. दात येणाऱ्या बाळांच्या हिरड्यांना लावायची एक जेली असते, तिने हिरडी बधिर होते. मोठ्या मुली तीच पायाच्या बोटांना चोळायच्या आणि तिला बर्फ म्हणायच्या. बोट बधिर झालं की पायाच्या टोकावर उभं राहणं सोपं. बधिर बोट ओरडत नाही, म्हणून आत काय चाललंय ते कळतही नाही, ही साधी गोष्ट मात्र त्या हुशार पोरींच्या ध्यानात येत नव्हती. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं त्या धरून चालायच्या.

पाय ताणायच्या व्यायामात एकीने दुसरीची टाच आपल्या खांद्यावर घ्यायची असते. त्या सकाळी गोटीचा पाय काटकीच्या खांद्यावर आला आणि कानाशेजारून भपकारा सुटला. फ्रीज बंद पडलेल्या घरात आठवड्याने शिरावं, तसा.

"काय झालंय तुझ्या पायाला?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"कुठे काय. बूट ओले राहिले."

"हा बुटांचा वास नाही."

"मग तोंड तिकडे कर. देवाने मान दिलीये ना वळवायला?"

मधल्या सुटीत काटकीने तिला न्हाणीघरात नेलं आणि आतून कडी घातली.

"दाखव."

"हट्."

"दाखव, नाहीतर उद्यापासून तुझा पाय मी खांद्यावर घेणार नाही. घे मग भिंतीचा खांदा."

गोटी टबच्या कडेवर बसली आणि सोलायला लागली. वर चिकटपट्टी. तिच्याखाली कापूस. कापसाखाली, डबे झाकायला वापरतात तो पातळ प्लास्टिकचा कागद, चांगला दोन-तीन फेरे गुंडाळलेला. वास बाहेर येऊ नये म्हणून गोटीने काढलेली ही युक्ती, आणि तिचा तिला अभिमानही होता. प्लास्टिक सुटलं तेव्हा आतून पिवळट पाणी तिच्या पोटरीवर ओघळलं. अंगठा फुगून जांभळा, चकचकीत झाला होता. नख एका बाजूने सुटलं होतं आणि डबीच्या झाकणासारखं वरखाली होत होतं. त्याच्या आत काहीतरी पांढरं, मऊ, भिजलेल्या पावासारखं. अंगठ्यापासून पावलावर एक बारीक लाल रेघ चढली होती.

काटकी वळली आणि बेसिनमध्ये ओकली.

"झालं तुझं?" गोटी म्हणाली. "चूळ भर आता. सूप होतं ते तसंही ओकण्याच्याच लायकीचं."

"दुखत नाही?"

"काही नाही. बर्फ लावते ना. हे बघ." आणि तिने त्या सुट्या नखावर टिचकी मारली. टक् असा आवाज झाला.

"अगं, डॉक्टरांना दाखव."

"आणि खुर्चीवर बसू? शेवट जवळ आलाय. एकदा निवड होऊ दे, मग काप म्हणतील तर कापून टाकेन. तू तोंड उघडलंस ना, तर तुझं-माझं संपलं."

त्या रविवारी घरी फोन करायची मुभा होती. काटकीने आईला सगळं सांगितलं. पलीकडे शिवणयंत्राची धडधड थांबली.

"तिच्या पायाचं तिची आई बघेल," आई म्हणाली. "तू कशाला नाक खुपसतेस? तिच्याशिवाय तुला नाचता येणार नाही, म्हणालीस ना? मग. दोनच दिवस राहिलेत, राणी. कड काढ."

काटकीने फोन ठेवला. आईच्या बोलण्याने आपल्याला बरं वाटलं, हे तिच्या लक्षात आलं आणि त्याचीच तिला शिसारी आली. आपल्यालाही गोटी बरी व्हायला नकोय. आपल्याला ती फक्त उभी राहायला हवीये.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी ती मुख्य बाईंच्या खोलीत गेली. बाई स्वच्छ, नीटनेटक्या. आवाज इतका गोड की रागावल्या तरी कळायला वेळ लागायचा. मुली त्यांच्यावर जीव टाकायच्या. बाई टेबलाशी बसून सफरचंदाच्या पातळ फोडी करत होत्या.

"बाई, गोटीचा अंगठा सडलाय," काटकी एका दमात म्हणाली.

बाईंनी फोड तोंडात टाकली, सावकाश चावली. "हो गं. मलाही वास येतो. चार-पाच दिवस झाले."

काटकीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"बाळ, इतकी वर्षं मी पायच बघतेय. माझ्या स्वतःच्या दोन्ही अंगठ्यांना नखं नाहीत. कोण मेलं त्याने?" बाई हसल्या. प्रेमाने हसल्या, आणि ते सगळ्यांत वाईट होतं. "तिने मला सांगितलेलं नाही. जोवर ती सांगत नाही, तोवर मी तिला खुर्चीवर कशाला बसवू? मुलीची जिद्द आहे. आपण तिचा मान राखायला नको?"

"पण तो फार घाण झालाय, बाई."

"परीक्षक उद्या येतायत, त्यांना वास यायला नको, हे मात्र खरं." त्यांनी खणातून अत्तराची छोटी कुपी काढली. "सकाळी तिच्या बुटांत शिंपड. मी दिली म्हणू नकोस. आणि तू मला येऊन सांगितलंस, ते मी विसरले. अशी कान भरणारी मुलगी कुणाला आवडत नाही. सफरचंद घे."

काटकीने सफरचंद घेतलं. घ्यायला नको होतं, पण घेतलं, आणि बाहेर आल्यावर ते कुठे टाकावं कळेना म्हणून खाल्लंही. सकाळी, सगळ्या मुली न्याहारीला गेल्यावर, तिने गोटीचे गुलाबी बूट उचलले. आत अंगठ्याच्या जागी सॅटिन तपकिरी, कडक झालं होतं. तिने अत्तर शिंपडलं. सडलेल्यावर गुलाब. हात कितीदा धुतले तरी तो मिसळलेला वास नखांतून जाईना.

परीक्षक आले. भिंतीपाशी मांडलेल्या खुर्च्यांवर दोन बायका आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ बसले. पियानोवाल्या काकांनी सूर धरला, समोरच्या भिंतीलगतची दांडी धरून व्यायाम सुरू झाला. काटकीचे पाय त्या दिवशी सुरेख उठत होते. ते तिला कळत होतं, आणि टक्कलवाले गृहस्थ शेजारणीला कोपराने ढोसून तिच्याकडे बोट दाखवतायत, हेही दिसत होतं.

मग बाईंनी गोटीला मध्ये बोलावलं. "यांना तुझं पाऊल दाखवू या," म्हणत त्यांनी खाली बसून गोटीचा बूट घातलेला पाय हातात घेतला आणि नवीन भांडं दाखवावं तसा परीक्षकांकडे वळवला. "ही कमान बघा. शिकवून येत नाही ही."

गोटी खुशीने फुलली होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि गाल तापाने लाल झाले होते. परीक्षकांना ते तेज वाटलं असणार.

काटकीचं लक्ष मात्र बाईंच्या नाकाकडे होतं. नाकपुड्या मिटलेल्या होत्या. बाई हसत होत्या, बोलत होत्या, कमानीवरून बोट फिरवत होत्या, पण श्वास घेत नव्हत्या. पाय खाली ठेवून दोन पावलं मागे सरल्यावरच त्यांनी श्वास घेतला. आणि लगेच रुमालाला हात पुसला.

"आता जोडी," बाई म्हणाल्या. "चला, मधल्या दोघी."

गोटी जागेवर जाऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. काटकी तिच्याकडे गेली नाही. ती सरळ चालत पियानोपाशी गेली आणि खुर्चीवर बसली.

पियानो थांबला. एक मुलगी हुंदका दाबावा तसा आवाज करून गप्प झाली.

"काय लागलं तुला?" बाईंनी गोड आवाजात विचारलं.

"मला काही नाही लागलं. लागलंय तिला. ती बसत नाही, म्हणून मी बसले."

"ऊठ, बाळ. पाहुणे बघतायत."

"तिला दवाखान्यात न्या, मी उठते."

"ए, वेडी झालीस का तू?" गोटी दात-ओठ खात पुटपुटली. "ऊठ. पाया पडते तुझ्या, ऊठ ना."

काटकीने खुर्चीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. बाई अगदी जवळ आल्या, वाकल्या आणि इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाल्या, "इथून उठलीस तर तुझी जागा आहे. आत्ता त्या गृहस्थांनी तुझंच विचारलं."

बाईंच्या तोंडाला सफरचंदाचा वास येत होता. "तिचा बूट काढा ना, बाई," काटकी मोठ्याने म्हणाली. "सगळ्यांसमोर. कमान बूट काढून आणखी छान दिसेल."

बाईंनी बूट काढला नाही. परीक्षकांतल्या एका बाईंनी तो काढायला सांगितला. रिबीन सुटली, बूट निघाला आणि गुलाबाच्या वासाआडून तो दुसरा वास खोलीभर पसरला. टक्कलवाले गृहस्थ उठून खिडकीपाशी गेले. वसतिगृहाच्या मावशींना बोलावणं गेलं.

दवाखाना कोपऱ्यावरच होता. मावशींनी दोघींना रिक्षातून नेलं. काटकीला न्यायचं काही कारण नव्हतं, पण तिला वर्गात ठेवायला कुणी तयार नव्हतं. मावशी बोलल्या त्या एवढंच, "तुझी बॅग मी भरायला सांगितलीये गं. वरूनच तसा निरोप आलाय."

गोटी वाटेत एकदाच बोलली. "निवड होणार होती माझी. तू माझं वाटोळं केलंस." त्यानंतर तिने तोंड फिरवलं ते फिरवलंच.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पट्टी कापली, प्लास्टिक कापलं आणि लाल रेघेवरून बोट घोट्यापर्यंत नेलं. रेघ आता तिथवर पोचली होती. त्यांचा चेहरा बदलला. नख काढताना पाय धरायला कुणीतरी हवं होतं. मावशी तोंडावर रुमाल दाबून दारात गेल्या होत्या, त्यामुळे पाय काटकीने धरला. बर्फ आता उतरला होता, आणि पू झालेल्या जागी भुलीची सुईही नीट लागू पडली नव्हती. गोटी किंचाळली, काटकीला तोंडाला येईल ते बोलली, मोकळ्या पायाने तिच्या छातीत लाथ मारली. पू काटकीच्या मनगटावर आला. तो पुसायला तिने पाय सोडला नाही.

"हे कधीपासून आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कालपासून," गोटी म्हणाली.

"गेल्या आठवड्यापासून," काटकी म्हणाली. "आणि आमच्या मुख्य बाईंना माहीत होतं."

"अगं, जपून बोल," दारातून मावशी म्हणाल्या. "मोठ्या माणसांवर असा आळ घेऊ नये."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं काम थांबवलं आणि गोटीकडे पाहिलं. "खरं आहे का हे?"

गोटी छताकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांत जात होतं.

"गेल्या आठवड्यापासून नाही," शेवटी ती म्हणाली. काटकीकडे तिने पाहिलं नाही. "त्याच्याही आधीपासून. आणि माझ्या एकटीचंच नाही. वर्गात असे पाय अजून आहेत."