नामस्मरण करणारे मासे

मासे नामस्मरण करत होते. निदान राधाकृष्णअप्पांच्या हॉलमध्ये जमलेल्या गर्दीचं तसं ठाम मत होतं. काचेच्या टाकीतले सोनेरी मासे पाण्याच्या अगदी वर येऊन तोंड उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते. शेजारच्या सोफ्यावर मांडी घालून बसलेले जलानंद महाराज बोट नाचवून सांगत होते, "ओठांकडं बघा, भक्तांनो! ओम... ओम...! मुका जीव नाम घ्यायला लागला! पाण्याला कान असतात, पाण्याला आठवण असते. आता तर परदेशातले शास्त्रज्ञसुद्धा पाण्यापुढं हात जोडतात!"

भक्तांनाही हात जोडायचे होते, पण बहुतेकांचा एक हात नाकावर होता. हॉलमध्ये सडक्या अंड्यांचा वास असा कोंडला होता, की अगरबत्तीचे पुडेच्या पुडे जाळूनही त्याचं काही वाकडं झालं नव्हतं.

मी तिथे दर्शनाला गेले नव्हते, भांडायला गेले होते. मी प्रज्ञा, जनावरांची डॉक्टर. संगमनेरात अप्पांच्या घरासमोरच राहते. माझ्या फाटकात कुणीतरी टेम्पो आडवा लावला होता आणि माझी गाडी आत अडकली होती.

"टेम्पो कुणाचा आहे?" मी दारातूनच ओरडले.

"आमीच बोलावलाय, मॅडम," अप्पांचा मुलगा करण खाली बघत म्हणाला. "निकिताला कर्जतला सोडायचंय, माहेरी. टाकी बी जाणार तिच्यासंगं."

"किती दिवसांसाठी?"

उत्तर दिलं त्याच्या आईने, मनकर्णाकाकूंनी. "महाराज म्हनतील तवर."

स्वयंपाकघराच्या दारात निकिता बॅगेवर बसली होती. करणची बायको. गेल्या थंडीत लग्न होऊन आली. बाकीच्या मुली माहेरून कपाट आणतात, हिने ही माशांची टाकी आणली. हसरी, बडबडी पोरगी. आज रडून रडून डोळे सुजले होते. मला पाहून तिने नुसती मूठ उघडली. तळहातावर चांदीचं पैंजण होतं, काळंकुट्ट.

महाराजांनी आदल्या संध्याकाळी 'रजतपरीक्षा' केली होती. वास कुणाच्या दोषामुळे येतो ते शोधण्यासाठी घरातल्या प्रत्येकाची चांदीची एक वस्तू रात्रभर टाकीत ठेवायची. अप्पांची अंगठी, करणची साखळी, काकूंचा कमरेचा छल्ला आणि निकिताचं पैंजण. ज्याच्या मनात काळं, त्याची चांदी काळी! सकाळी बाकीच्या वस्तू लखलखीत निघाल्या, पैंजण तेवढं कोळसा झालेलं. मग काय, पुरावाच मिळाला. टेम्पो सांगून झाला.

खरं सांगते, मला भयंकर राग आला. अशा वेळी माणसांपेक्षा म्हशी बऱ्या वाटतात. म्हशीला कसला वास आला, तर ती आधी वाकून हुंगते. उगाच शेजारणीला शिंग मारत नाही. मीही वाकले. वास टाकीतूनच येत होता, आणि टाकीतली हवेची मोटर बंद होती.

"मोटर का बंद केलीत?"

"महाराज म्हनले, घरघरीनं जपात इघ्न येतंय," काकू म्हणाल्या.

"काकू, हा जप नाही. यांचा जीव गुदमरतोय. पाण्यात हवा उरली नाही, म्हणून बिचारे वर येऊन तोंड वासतायत."

"मोटर लावाल तर दोष घरभर फिरेल!" महाराज गरजले.

"फिरू दे," मी म्हणाले आणि बटण दाबलं. बुडबुडे सुरू झाले. थोड्या वेळाने एकेक मासा नामस्मरण सोडून खाली निघून गेला. गर्दीत चुळबुळ झाली.

मी निकिताकडून लांब दांड्याचा झारा मागून घेतला आणि टाकीच्या तळाची वाळू हलवली. खालून काळे ढग उठले, बुडबुडे फुटले आणि वासाचा असा भपकारा आला, की पहिल्या रांगेतली माणसं तिसऱ्या रांगेत गेली. झाऱ्यात काळ्या चिखलाबरोबर एक पांढुरका, लिबलिबीत गोळा आला होता.

निकिता ताडकन उठली. "ही तर कणीक आहे! मी रोज चिमूटभर दाणे टाकते फक्त. कणीक कुणी टाकली?"

अप्पा पंख्याकडे बघायला लागले. करण मोबाईलमध्ये शिरला. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मी टाकत हुते," शेवटी त्या म्हणाल्या. "पहाटं, कुनी उठायच्या आदी. नातवाचं तोंड दिसावं म्हनून. महाराजांनीच सांगितलं, माशास्नी कनकंच्या गोळ्या घाल, पन कुनाला बोलू नको. बोललं की फळ जातंय."

"अगं, मला बी तेच सांगितलंय!" अप्पा उसळले. "डेअरीच्या विलेक्शनसाठी. मी दुपारचा टाकतो, तू झोपल्यावर!"

"मी ड्यूटीवरून आल्यावर," करण पुटपुटला. "प्रमोशनसाठी."

"आणि पिठाचा डबा पुरत नाही म्हणून बोलणी मला!" निकिता म्हणाली. गर्दीतून पहिल्यांदा हसू फुटलं.

नदीवर जाऊन माशांना कणीक घालायची, म्हणजे ग्रह शांत होतात, ही आपल्याकडची जुनी रीत. प्रवरेत ते खपून जातं. पाणी वाहतं आणि मासे पुष्कळ. पण घरातल्या काचेच्या टाकीत तीन माणसांनी एकमेकांना चोरून कणीक ओतली, तर मूठभर मासे खाणार किती? उरलेली वाळूत रुतली आणि सडली. वर मोटर बंद. खाली हवा न मिळता जे सडतं, त्यातून तो अंड्यासारखा वास निघतो. रोग देणारे महाराज आणि औषध सांगणारेही महाराज.

"आणि चांदी?" मागून कुणीतरी विचारलं. "पैंजणच कसं काळं झालं?"

"करण, वस्तू टाकीत कुणी ठेवल्या?"

"महाराजांनीच. आमच्या वस्तू दोऱ्यानं वर टांगल्या. पैंजण जड हाय म्हनून खाली वाळूत खुपसलं." बोलता बोलता करणचा आवाज बारीक झाला.

"त्या सडक्या वासाचा वायू चांदीला लागला की चांदी काळी पडते. उकडलेल्या अंड्यात चांदीचा चमचा खुपसून बघा, तोही काळा होईल. चमच्याच्या मनात काय काळं असणार?"

"विज्ञान इथं संपतं, बाई!" महाराज म्हणाले.

"मग पुन्हा करू परीक्षा. तुमच्या हातातलं चांदीचं कडं द्या."

महाराजांनी बाही खाली ओढली. "ते सिद्ध कडं आहे."

"मग तर काळं पडायची भीतीच नको."

बाही काही वर होईना. तेवढ्यात मनकर्णाकाकू पुढे आल्या. कमरेचा छल्ला काढला, चाव्या सोडवल्या. "हा घ्या. सकाळी लखलखीत निघाला हुता न्हवं? आता खाली ठिवू." आणि स्वतः कोपरापर्यंत हात घालून त्यांनी तो चिखलात दाबला.

मला गायींना लस टोचायला जायचंच होतं. टेम्पो बाजूला घ्यायला लावला आणि मी येईपर्यंत थांबा म्हणून बजावलं. महाराजांना एकाएकी आठवलं, की आज शनिवार, शिंगणापूरला पोचायला हवं.

"शिंगणापूरला घरांना दारं न्हाईत, महाराज," अप्पा कडी लावत म्हणाले. "आमच्या घराला हाय. बसा, च्या टाकलाय."

मी परत आले तेव्हा उन्हं कलली होती आणि गर्दी दुप्पट झाली होती. काकूंनी टाकीत हात घातला, छल्ला काढला, पदराने पुसला. काळाभोर.

महाराज लगेच बोलले. "पाहिलंत? मला शंका होतीच! दोष सासूत आहे, सून केवळ निमित्त! आता सासूची शांती करावी लागेल!"

काकूंनी आधी छल्ल्याकडे पाहिलं, मग निकिताच्या पैंजणाकडे, मग महाराजांकडे.

"काल सून काळी, आज सासू काळी. आता तुमालाच वाळूत खुपसते, बघू कंचा रंग येतोय! उठा आदी सोफ्यावरनं!"

असा हशा पिकला, की टाकीतले मासेसुद्धा दचकले असतील. टेम्पो सांगितलेला होताच. तो रिकामा जायला नको म्हणून अप्पांनी महाराजांना त्यातच बसवून दिलं.

संध्याकाळी मी आणि निकिताने नळी लावून तळातला चिखल ओढून काढला, थोडंसं पाणी बदललं, मोटर चालू ठेवली. करण मुकाट्याने बादल्या वाहत होता. "तुमच्याशी मी नंतर बोलणारे," निकिता त्याला म्हणाली, आणि तो बरं म्हणाला.

काकू रांगोळीने घासून घासून पैंजण उजळवत बसल्या होत्या. ते चकाकलं, तशा त्या उठल्या आणि निकिताच्या पायाशी खाली बसल्या. पोरीने घाबरून पाय मागे घेतला. "आई, हे काय!"

"गप उभी रहा. पाया पडत न्हाई, हूक लावतीया," काकू म्हणाल्या. हूक लागला तरी त्या उठल्या नाहीत. "चुकलं माझं, पोरी. आदी टाकी बघायची हुती, मी तुज्याकडंच बघत बसले."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वासामुळे नव्हतं.

वाचकहो, घरात वास सुटला, गाय आटली, मूल आजारी पडलं, तर कारण असतंच, आणि शोधलं तर बहुतेकदा सापडतं. कुणी येऊन घरातल्याच एखाद्या माणसाकडे बोट दाखवलं, तर त्याला एवढंच विचारा, की परीक्षा पुन्हा घेऊ का, आणि या वेळी वस्तू आम्ही ठेवल्या तर चालतील का? काही गुपचूप करायला सांगितलं, तर ते जेवताना चारचौघांत बोलून टाका. आणि माणसाला टेम्पोत बसवण्याआधी एकदा वाळू हलवून बघा.