डावीकडची फेरी

अझर्याचा गळा काही बसला नव्हता. गायचं कुणासाठी, हेच त्याला कळेनासं झालं होतं. सप्ताहांच्या सणाला, पहिली फळं देवाला वाहायला, गाव यरुशलेमला निघालं की गाण्याची पहिली ओळ त्याची, पुढची सगळ्यांची, असा शिरस्ता. यंदाही पहिल्या अंजिरांच्या टोपल्या भरल्या, बैलाच्या शिंगांवर जैतुनाची माळ चढली, बासरीवाला पुढे झाला आणि सगळे अझर्याच्या तोंडाकडे बघत राहिले. वल्हांडणाचा सण झाल्यावर त्याची एकुलती एक मुलगी तिर्सा तापाने गेली होती. तो मान खाली घालून चालायला लागला.

शेवटी म्हाताऱ्या पेलेटने यरुशलेमची वाट चढताना म्हणायचं चढणीचं गाणं उचललं. बैलानेसुद्धा वळून पाहिलं.

"हसू नका रे," पेलेट म्हणाला. "ज्याला गळा दिलाय तो मुका झालाय, मग देवाला माझंच ऐकावं लागणार. अझर्या, लेका, गा की. गायलं की विश्वास परत येतो."

"आणि तिर्सा?"

पेलेट पुन्हा गाऊ लागला. माणूस वाईट नव्हता, पण उपदेशाला पैसे पडत नाहीत म्हणून लोक तो वाटत सुटतात.

अझर्याची बायको होग्ला मात्र बायकांमध्ये मोठमोठ्याने गात होती. डोळ्यांत टिपूस नाही. तिचा त्याला भयंकर राग येत होता. घरात दोघांनीही मुलीचं नाव घेतलं नव्हतं. नाव घेतलं तर ती खरंच मेली, असं काहीतरी त्याच्या मनात बसलं होतं.

तो आला होता एकाच गोष्टीसाठी. मंदिराच्या आवारात सगळे उजवीकडून फेरी घालतात. ज्याच्या घरी मरण झालं असेल तो डावीकडून, उलटा. समोरून येणारा विचारतो, डावीकडून का? कारण कळलं की अनोळखी माणूसही थांबून मंदिरातल्या देवाच्या नावाने म्हणतो, या घरात राहणारा तुझं सांत्वन करो. देव उरला असेल तर परक्याच्या तोंडून एवढं तरी बोलेल, ही अझर्याची शेवटची आशा होती.

तो डावीकडे वळला. मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुणी खांदा मारला, कुणी खेकसलं, "खेड्यातून आलास काय रे? उजवं-डावं कळत नाही?" एकाने थबकून तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्यांनी त्याला पुढे लोटलं. मग अझर्याच्याच गावचे लोक समोरून आले. पेलेटचे डोळे भरले, त्याने अझर्याच्या दंडाला हात लावला आणि तो पुढे गेला. ठाऊक असलेली गोष्ट कोण विचारणार? संपलं, अझर्याला वाटलं. हे घर रिकामं आहे.

मागून बायका आल्या. होग्ला गाता गाता थांबली. लोक ढकलत होते, पण ती हलेना.

"अहो, डावीकडून का चाललात?"

"तुला माहीत नाही?" तो चिडून म्हणाला.

"मी विचारतेय ना? सांगा."

"माझी तिर्सा गेली."

"या घरात राहणारा तुमचं सांत्वन करो," होग्ला म्हणाली.

त्याच्या आत काहीच हललं नाही. ज्या शब्दांसाठी तो इतका चढ चढून आला होता, ते मिळाले आणि कोरडेच निघाले.

मग होग्ला बायकांमधून बाहेर पडली आणि वळून त्याच्याशेजारी, लोकांकडे तोंड करून उभी राहिली. इतके दिवस गाण्याने आवरून धरलेलं रडू आता तिला आवरत नव्हतं.

"आता मला विचारा," ती म्हणाली. "कुणीतरी मलाही विचारा हो."

त्याने विचारलं. तिने मुलीचं नाव घेऊन सांगितलं आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. जे म्हणायचं होतं, त्यातल्या एकाही शब्दावर त्याचा विश्वास उरला नव्हता. त्याने तिचा हात धरला आणि फुटक्या आवाजात ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं.