पावाच्या डोक्याचा राजा

आमच्या गावचे नगराध्यक्ष वार्डेंगासाहेब यांना स्वतःच्या आजोबांबद्दल बोलायला निमित्त लागत नाही. शाळेला आजोबांचं नाव, पुलाला आजोबांचं नाव. गटार तेवढं अजून बिननावाचं आहे. आजोबा महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होते, एवढं खरं. तिथे ते सार्जंट होते. नातवाने त्यांना केव्हाच कॅप्टन करून टाकलंय.

त्याच छावणीत आमच्याच गावच्या लेओकादियाबाईंचे वडील फेलिक्स होते, साधे शिपाई. नाताळात बराकीत बाहुल्यांचा खेळ करायचा म्हणून त्यांनी येशूजन्माच्या बाहुल्या घडवल्या. अंगं खोक्याच्या फळ्यांची, मुकुट डब्याच्या पत्र्याचे आणि डोकी पावाची. माणसांनी आपापल्या तुकड्यातला चिमूटभर गर दिला, तो फेलिक्सनी थुंकीने मळला. पोटात कावळे ओरडत असताना बाहुल्यांना पाव देणारी आम्हा पोलिश लोकांची ही जात!

बाईंनी बाहुल्या आयुष्यभर माळ्यावर सांभाळल्या. पण पावाची डोकी म्हणजे उंदरांची चंगळ. बाळाच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांपैकी एकाला त्यांनी साफ फस्त केलं. ऐंशी ओलांडल्यावर बाई खोकं घेऊन आमच्या संग्रहालयात आल्या. तिथे जुन्या वस्तू साफ करून टिकवायचं काम माझ्याकडे आहे.

"काचेत ठेवा गं हे," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर उंदरांच्या पोटात नको जायला. आणि कोण कोण आहे ते खरं लिहा."

मी काजळी पुसत गेले, तसं एका मुकुटाखालून नाक बाहेर आलं. पोपटाच्या चोचीसारखं, वर भुवईवर चामखीळ. हे नाक आम्ही दर निवडणुकीला भिंतीभिंतीवर बघतो.

"बाई, हा कोण?"

"हेरोद. बाळांच्या कत्तली करणारा राजा. तोंड मात्र सार्जंट वार्डेंगाचं. बराकीत पाव कापायचं काम त्याच्याकडे होतं. कापणाऱ्याने तुकडा शेवटी उचलायचा, हा तिथला नियम. हा मेला सगळ्यांत आधी उचलायचा, तोही जाडजूड! बाबा म्हणायचे, त्या वर्षी बराक एकदाच हसली, ती या हेरोदाला बघून."

दुसऱ्या दिवशी नगराध्यक्ष पाहणीला आले. बाहुलीपाशी थबकले आणि त्यांचा ऊर भरून आला.

"अहो, हे तर आमचे आजोबा! मुकुट घातलेले! तीन राजांमध्ये आमचे आजोबा!"

एक राजा उंदरांनी खाल्ल्यामुळे हेरोद धरून मुकुटवाले तीनच उरले होते, त्यामुळे साहेबांचा हिशेबही जुळला. मी तोंड उघडणार, तोच आमचे संचालक ओल्गेर्द यांनी माझा पाय तुडवला. काचेचं कपाट नगरपालिका देणार होती. ओल्गेर्द यांना नगरपालिकेपुढे कणा नसतो, तो फक्त आमच्यापुढे असतो.

साहेब गेल्यावर ते बाईंना बोलावून म्हणाले, "हे बघा, हेरोद हा शब्द काढलात तर कपाट गेलं. मग बाहुल्या परत तुमच्या माळ्यावर."

"म्हणजे पाव ज्याने लाटला तो राजा," बाई म्हणाल्या, "आणि ज्यांचा लाटला त्यांना कोण विचारतो?" मग डोळे पुसून म्हणाल्या, "काचेत जाऊ दे आधी."

मला रडू आलं, आणि ओल्गेर्दचा गळा धरावासाही वाटला.

तीन राजांच्या सणाला प्रदर्शन उघडलं. गाव लोटलं होतं. साहेबांनी भाषणात कैद्यांच्या भुकेचं, पावाच्या डोक्यांचं आणि मुख्यतः आजोबांचं वर्णन केलं. मग फोटोवाल्यांसाठी कपाटातून आजोबांना बाहेर काढलं.

"साहेब, हात नका लावू," मी म्हटलं.

"आजोबा माझे आहेत, तुमचे नाहीत!"

त्यांनी बाहुली डोक्यावर उंच धरली, जरा हलवली, आणि आजोबांचं डोकं टपकन गालिच्यावर पडलं.

आमच्याकडच्या बाहुल्यांच्या खेळात शेवटी मृत्यू विळा घेऊन येतो आणि डोकं उडवतो ते एकाच राजाचं. म्हणून त्याचंच डोकं खुंटीवर सैल बसवतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर हेरोद!" मग जे हसू फुटलं, ते ओल्गेर्द यांनी टाळ्या वाजवूनही थांबेना.

साहेब लाल झाले. घाईने वाकून त्यांनी डोकं उचललं. आता, जमिनीवर पडलेला पाव उचलला की आम्ही त्याची क्षमा मागतो, त्याला ओठ लावतो. आईने रट्टे घालून लावलेली सवय, नगराध्यक्ष झालं म्हणून सुटत नाही. साहेबांचा हात आपोआप तोंडाकडे गेला आणि भर सभेत त्यांनी हेरोदाचं चुंबन घेतलं.

त्या पावाला ओठ लागलेले बघून हसणं एकदम थांबलं. लेओकादियाबाई काठी टेकत पुढे आल्या आणि त्यांनी हात पसरला.

"द्या इकडे. हळू. नाक तुमच्या आजोबांचं आहे, पण पाव बाकीच्यांचा आहे. सबंध बराकीत गर दिला नाही तो एकट्या त्यांनीच."

साहेबांनी मान खाली घालून डोकं त्यांच्या तळहातावर ठेवलं.