लाल बिल्ला

गल्लीच्या तोंडाशी स्कूटर वळवली आणि मला आमचं झाड दिसलं. ते दिसायला नको होतं.

सकाळीच ते तोडायचं होतं. मी मुद्दाम उशिरा आले होते. सासऱ्यांचं, म्हणजे अप्पांचं, तोंड बघायची माझी हिंमत नव्हती. भुसा झाडून होईपर्यंत यायचंच नाही, असं मी ठरवलं होतं. आणि इथे झाड आपलं पानं हलवत उभं! त्याच्या शेजारी मात्र आकाशाचा एक मोठा उघडा तुकडा दिसत होता. तिथे काल शेजारच्या शिलाईकाकूंचं झाड होतं.

मी स्कूटर तशीच रस्त्यात सोडून धावले. काकूंच्या झाडाचा बुंधा जमिनीपासून वीतभर वर कापला होता. कापलेला भाग ओला, स्वच्छ, एकसारखा भरलेला. मी त्यावर हात फिरवला, नखाने टोकरलं, खाली वाकून वास घेतला. कुजल्याचा मागमूस नव्हता. अजून शंभर वर्षं टिकलं असतं असं झाड.

"ताई, हे पोकळ?" नगरपालिकेचा मुकादम अंगावरचा भुसा झटकत म्हणाला. "करवतीचे दात पडायची वेळ आली. असली पोकळ झाडं रोज द्याल तर आम्हीच आतून पोकळ होऊ."

त्याची माणसं हसली.

"हे तोडायचं नव्हतं रे," मी कशीबशी म्हणाले. "हे नव्हतं!"

त्याने ओंडका पायाने वळवला. त्याच्याभोवतीची तार तशीच होती, आणि तारेला लाल बिल्ला लटकत होता.

इथे थोडं सांगायला हवं. आमच्या गावात रस्त्यावरचं प्रत्येक झाड समोरच्या घराला दत्तक दिलेलं असतं. पाणी, आळं, खत त्या घराने बघायचं. नगरपालिकेची झाडं तपासणं हे माझं काम. मी लाकडी हातोडा घेऊन फिरते, बुंधा वाजवते, कान लावते. धडधाकट झाडाला हिरवा बिल्ला, पडायला आलेल्याला लाल. तोडणारी टोळी झाडाकडे बघत नाही, बिल्ल्याकडे बघते. तिचं काही चुकत नाही, आम्हीच तिला तसं शिकवलंय. आणि लाल बिल्ला मी आमच्या स्वतःच्या दारातल्या झाडाला लावला होता. त्यावरून घरात जे महाभारत झालं ते साऱ्या गल्लीने ऐकलं होतं.

मी मान वळवली. आमच्या झाडाच्या तारेला हिरवा बिल्ला होता.

आणि त्याच झाडाच्या आडव्या फांदीला झोपाळा बांधलेला होता. झोपाळ्यावर माझी लेक चिंगी होती. अप्पा तिला मागून झोके देत होते.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी काय ओरडले ते आठवत नाही. चालत्या झोक्यातून मी तिला ओढून काढलं, ती माझ्या खांद्यावर आपटली आणि भोकाड पसरून रडायला लागली. मी तिला मुकादमाच्या हातात दिलं. "रस्त्याच्या पलीकडे ने. आत्ता."

"अगं, पोरीचा हात उखडशील!" अप्पा खेकसले.

"हा झोपाळा मी काढून माळ्यावर टाकला होता. कुणी बांधला?"

"मी. हिरवा बिल्ला आहे त्याला."

"तो हिरवा कुणी केला, अप्पा?"

त्यांनी नजर चुकवली नाही. तेवढी लाज तरी असती तर मला बरं वाटलं असतं. "पहाटे फिरायला निघालो तेव्हा मीच दोन्ही बिल्ले बदलले," ते म्हणाले. "मला वाटलं, ही माणसं काकूंच्या दारात जातील, काकू भांडतील, काम थांबेल. मग पुन्हा तपासणी लागेल. काकू काही बोलल्याच नाहीत, त्याला मी काय करू?"

या माणसाने आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. बंद पडलेलं घड्याळ कुणी फेकायला निघालं की त्यांना ते घरचं माणूस हाकलल्यासारखं वाटायचं. माझ्या लग्नात माझ्या वडिलांचं बंद घड्याळ त्यांनी मांडवातच उघडून चालू केलं होतं. त्यांचा मला राग यायचा तो प्रेमासकट यायचा. आज नुसता राग आला.

"ते पोकळ आहे," मी म्हणाले. "वरून हिरवं दिसतं म्हणून..."

"पोकळ, पोकळ! दोन टोले मारून तू त्याला फाशी दिलीस. रोज पाणी घातलंय मी याला. आण तो हातोडा." माझ्या पिशवीतून त्यांनी हातोडा ओढून घेतला. "पोकळ म्हणतेस? हे बघ!"

त्यांनी सगळा जीव एकवटून बुंध्यावर घाव घातला, अगदी आळ्याच्या वर, जिथे रोजचं पाणी पडायचं तिथे.

आवाजच आला नाही. हातोडा सालीतून आरपार गेला. नुसतं डोकं नव्हे, दांडासुद्धा गेला आणि मागोमाग अप्पांचा हात मनगटापर्यंत आत गेला. त्यांनी तो बाहेर काढला तेव्हा बोटांना काळा ओला चुरा लागलेला होता. भोकातून तो चुरा भसाभस बाहेर पडत राहिला, फुटलेल्या पोत्यासारखा. साल होती, पानं होती. मध्ये काहीच नव्हतं.

अप्पांनी वर बघितलं. झोपाळा अजून थोडा हलत होता.

"मी तिला उंच झोके देत होतो," ते म्हणाले. "ती म्हणत होती, अजून उंच."

मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना फरफटतच रस्त्यावर आणलं. मुकादमाने दोन्हीकडून दोर लावून वाहनं थांबवली. त्याच्या माणसांतला एकही आता हसत नव्हता.

तेवढ्यात शिलाईकाकू दार उघडून बाहेर आल्या. गळ्यात मोजायची फीत, हातात अर्धा शिवलेला काळा कोट. इतकी वर्षं त्यांच्या मशीनवर झाडाची सावली असायची. आता खिडकीतून सरळ ऊन आत घुसलं होतं आणि डोळे बारीक करूनही त्यांना आमच्याकडे धड बघता येत नव्हतं.

"काय गं, काय झालं? पोरगी का रडतेय?"

"काकू, तुम्ही त्यांना अडवलं का नाही?" मला रडू आवरेना. "तुमचं झाड चांगलं होतं. ठणठणीत होतं!"

"मी कशाला अडवू?" त्या गोंधळून म्हणाल्या. "सकाळी लाल बिल्ला बघितला आणि धस्स झालं खरं. पण म्हटलं, जी स्वतःच्या दारातल्या झाडाला सोडत नाही, ती माझ्याशी खोटं कशाला बोलेल? तूच लावलाय म्हणजे असणारच काहीतरी."

मी अप्पांकडे बघितलं.

अप्पा पुढे झाले. त्यांचा काळा झालेला हात ते अंगापासून लांब धरून चालत होते. ओंडक्याच्या तारेतून त्यांनी लाल बिल्ला सोडवला. घड्याळाचे बारीक स्क्रू फिरवणाऱ्या त्या बोटांतून तो दोनदा खाली पडला.

"हिने नाही लावला, काकू," ते म्हणाले. "मी लावला. तुमचं झाड मी मारलं."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग बुंध्याकडे, मग माझ्याकडे. कोट छातीशी धरून आत गेल्या. दार त्यांनी आपटलं नाही, हळूच लावलं.

अप्पांनी बिल्ला मुकादमाच्या हातात दिला. "अडकव आमच्या झाडाला," ते म्हणाले. "आणि माझ्यासाठी थांबू नका." मुकादमाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

करवत सुरू व्हायच्या आधी काकूंच्या घरातून आवाज आला. त्या एकट्याच जड मशीन खिडकीपासून ओढत आत नेत होत्या.